विजेची सिगारेट : पहिली कोणती निवडावी?

पहिली सायकल कोणती घ्यावी, पहिले फाउंटन पेन कोणत्या बनावटीचे असावे, याची खलबते शाळेच्या मधल्या सुट्टीत पूर्वीपासून चालत आली आहेत. अलीकडे त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. दबक्या आवाजात का होईना, पण कोणी एखादा विचारू लागला आहे की, पहिली इलेक्ट्रॉनिक सिगारेट कोणती घ्यावी, आणि तिला बॅटरी कोणती चांगली? हा प्रश्न वडीलधाऱ्यांच्या कानी पडला की ते बहुधा संतापतात. संताप स्वाभाविक आहे. परंतु ज्याला घरी आणि शाळेत उत्तर मिळत नाही तो ते उत्तर विक्रेत्याकडून घेतो, आणि विक्रेत्याजवळ ते नेहमी तयार असते. म्हणून या प्रश्नाला बगल न देता त्याचे उत्तर द्यावे, असे आम्ही ठरविले आहे.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो : पहिली घेऊच नये. परंतु एवढे सांगून आम्ही मोकळे झालो, तर आमच्यात आणि संतापणाऱ्या काकांत फरक तो काय राहिला? ही वस्तू काय आहे, ती चालते कशी आणि तिच्यावर ज्यांनी पैसे मिळविले त्यांनी ते कसे मिळविले, हे समजून घेतल्यावाचून 'नको' या शब्दाला वजन येत नाही.

वस्तू तशी साधी आहे. एक बॅटरी, एक बारीक तारेचे वेटोळे, त्यात कापसाची वात आणि वातीला भिजविणारे द्रव. बॅटरीतील विजेने तार तापते, द्रवाची सूक्ष्म तुषारांची वाफ होते आणि ती ओढणारा छातीत घेतो. तंबाखू जळत नाही, राख पडत नाही, काडी लागत नाही. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असते, आंबा, पुदिना, टरबूज इत्यादींचे कृत्रिम स्वाद असतात, आणि बहुतेक वेळा निकोटीन असते. 'ही नुसती पाण्याची वाफ आहे हो,' असे जे सांगितले जाते ते खरे नव्हे. पाण्याची वाफ आईच्या स्वयंपाकघरात भाताच्या पातेल्यावर दिसते. या वाफेत निकोटीन असते, अति तापलेल्या द्रवातून निघालेले फॉर्माल्डिहाइडसारखे पदार्थ असतात आणि तारेतील निकेलसारख्या धातूंचे कणही आढळले आहेत.

कल्पना आजची नाही. अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट या गृहस्थाने १९६३ मध्ये धूर नसलेल्या सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६५ मध्ये त्याला ते मिळालेही. पण ती वस्तू बाजारात आणण्यास कोणी पुढे आले नाही. आज आपण पाहतो ती सिगारेट हॉन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ च्या सुमारास सिद्ध केली. तो स्वतः अट्टल धूम्रपान करणारा होता आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने वारले. म्हणजे शोधामागील हेतू वाईट नव्हता, हे आम्ही मान्य करतो. जो माणूस वीस वर्षे रोज पाकीट ओढीत आला आहे आणि ज्याला ते सुटत नाही, त्याच्यासाठी ही युक्ती होती.

मग ती पंधरा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात कशी आली? येथेच खरी गोम आहे. व्यसनी माणूस कधी तरी सोडतो, किंवा मरतो. दोन्ही प्रकारे गिऱ्हाईक जाते. धंदा टिकावयाचा तर नवे गिऱ्हाईक पाहिजे, आणि नवे गिऱ्हाईक म्हणजे ज्याने अद्याप काहीच ओढलेले नाही असा मुलगा अथवा मुलगी. टरबुजाचा स्वाद पन्नाशीच्या गृहस्थासाठी काढलेला असेल, यावर आमचा विश्वास बसत नाही. अमेरिकेत २०१५ साली पेन-ड्राइव्हसारखी दिसणारी एक सिगारेट निघाली. पुस्तकांच्या खणात ठेवली तर शिक्षकांस ओळखूही येऊ नये अशी तिची घडण होती. तिच्यातील निकोटीन क्षाररूपात असल्यामुळे घशाला खवखव होत नसे, आणि म्हणून नवशिक्यालाही जास्त निकोटीन सहज ओढता येई. २०१८ साली तेथील सर्जन जनरलला हा प्रकार कोवळ्या पिढीतील साथ आहे असे जाहीर करावे लागले. २०१९ च्या पाहणीत तेथील वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांपैकी शेकडा २७ हून अधिक जण गेल्या महिन्याभरात ही सिगारेट ओढल्याचे आढळले. पुढे कायदे कडक झाले, लोक जागे झाले, आणि २०२४ मध्ये हे प्रमाण शेकडा ८ च्या आत आले. म्हणजे साथ ओसरू शकते. पण मधल्या पाच वर्षांत ज्यांना सवय जडली त्यांचे काय, हे आकडे सांगत नाहीत.

तंबाखूची सिगारेट आणि ही सिगारेट यांतील एका भेदाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. साधी सिगारेट संपते. दहा-बारा झुरके झाले की बोटाला चटका बसतो आणि ओढणाऱ्यास थांबावेच लागते. दुसरी पेटवावयाची तर उठून बाहेर जावे लागते. विजेच्या सिगारेटला असा शेवट नाही. ती विझत नाही, तिचा वास कपड्यांना फारसा लागत नाही, ती न्हाणीघरात, पांघरुणात, शाळेच्या जिन्यात कोठेही ओढता येते. किती ओढली याचा हिशेब ओढणाऱ्याजवळही राहत नाही. आणि मेंदूची वाढ तर पंचविशीपर्यंत चालू असते. लक्ष एकाग्र करणे, इच्छेला आवर घालणे ही कामे करणारा त्याचा भाग सर्वांत शेवटी पक्व होतो. त्या कच्च्या भागाला निकोटीनचे वळण लागले म्हणजे ते पुसणे किती अवघड जाते, हे आमच्या घराघरांतील चंची आणि मशेरी यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना वेगळे सांगावयास नको. कित्येक आज्या उपास कडक करीत, पण मशेरी सुटत नसे!

आता बॅटरीकडे वळू. एका विज्ञान-प्रदर्शनानंतर एका विद्यार्थ्याने आम्हांस नेमका हाच प्रश्न विचारला होता. प्रश्नाचा पूर्वार्ध आम्हांस आवडला नाही, उत्तरार्ध मात्र फार आवडला. कारण बॅटरी ही ज्ञानाची वस्तू आहे आणि तिच्याविषयी कुतूहल असणे हे चांगल्या विद्यार्थ्याचे लक्षण आहे. या सिगारेटींत लिथियम-आयन जातीचा घट असतो. हाच घट भ्रमणध्वनीत आहे, संगणकात आहे, विजेच्या स्कूटरीत आहे. १९९१ मध्ये जपानच्या सोनी कंपनीने तो प्रथम बाजारात आणला आणि ज्या तिघांच्या संशोधनाने तो शक्य झाला त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. योगायोग पाहा : ज्या सप्टेंबरात आपल्या सरकारने विजेच्या सिगारेटवर बंदी घातली, त्याच्या पुढच्याच महिन्यात हे पारितोषिक जाहीर झाले!

मोठ्या आकाराच्या सिगारेटींत जो सुटा घट वापरतात त्याला १८६५० असे नाव आहे. १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचे शून्य तो नळकांड्याच्या आकाराचा आहे हे दाखविते. त्याचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट. आता दहावीच्या वर्गात शिकलेला ओहमचा नियम येथे लावून पाहा. तारेचा रोध ०.२ ओहम असेल तर ४.२ भागिले ०.२, म्हणजे २१ अँपिअर प्रवाह वाहील. आपल्या घरातील पंख्याला अर्धा अँपिअरही लागत नाही. जुन्या संगणकातून काढलेले कित्येक घट याच्या निम्मा प्रवाहही सुखरूप देऊ शकत नाहीत. त्यांच्याकडून तो ओढला तर घट आतून तापतो, तापल्याने आतली रासायनिक क्रिया वाढते, क्रियेने आणखी तापतो, आणि एका मर्यादेपलीकडे ही साखळी कोणालाही थांबविता येत नाही. घटातील द्रव ज्वालाग्राही असते. मग जे होते त्याला पेटणे म्हणण्यापेक्षा फुटणे म्हणणे अधिक बरोबर. २०१८ मध्ये फ्लॉरिडात आणि २०१९ च्या आरंभी टेक्ससमध्ये ओढता ओढता ही सिगारेट फुटून माणसे मेली आहेत. खिशात सुटा घट आणि किल्ल्या एकत्र ठेवल्याने मांडी भाजल्याची उदाहरणे तर पुष्कळच आहेत. याचे कारण असे की, या घटाचे सबंध धातूचे अंग हे ऋण टोक असते. धन टोकाची टोपी आणि ते अंग यांत अंतर असते थोडेसे आणि आड असते एक पातळ वेष्टन. ते वेष्टन फाटले की एखादे नाणेदेखील दोन्ही टोके जोडावयास पुरते.

'कोणता घट चांगला?' या प्रश्नाचे आम्ही त्या विद्यार्थ्याला दिलेले उत्तर असे होते. हा घट विजेरीसाठी, छोट्या यंत्रमानवासाठी, सौरदिव्यासाठी वापर. ज्ञात कंपनीचा घे. वेष्टन फाटलेला घेऊ नकोस. त्यावर छापलेले आकडे डोळे मिटून मानू नकोस. या आकाराच्या उत्तमातल्या उत्तम घटाची क्षमता ३,५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते, आणि बाजारात त्यावर ५,००० काय, ९,००० सुद्धा छापलेले सापडतात. संरक्षक मंडल असलेल्या यंत्रातच भर. उशीखाली ठेवून भरू नकोस. हे सर्व त्याने वहीत उतरून घेतले. सिगारेटचा विषय त्यानंतर त्याने काढला नाही, आणि आम्हीही काढला नाही.

बॅटरीची आग ही हैदराबादकरांस ऐकीव गोष्ट नाही. १२ सप्टेंबर २०२२ च्या रात्री सिकंदराबादेत विजेच्या स्कूटरींच्या दुकानात आग लागली, तिचा धूर वरच्या मजल्यांवरील लॉजमध्ये शिरला आणि आठ माणसे प्राणांस मुकली. स्कूटर उपयोगाची वस्तू आहे. तिच्यासाठी समाज काही धोका पत्करतो आणि तो कमी करण्याची खटपट करतो. टरबुजाच्या वासाच्या वाफेसाठी आपण कोणता धोका पत्करावा?

आता एक जुनी गोष्ट सांगतो, आणि ती आपल्या दख्खनचीच आहे. अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारी गेला होता. तेथे त्याने तंबाखू पाहिली. उत्तर हिंदुस्थानात ती तेव्हा कोणाला ठाऊक नव्हती. पोर्तुगीजांच्या व्यापारातून ती दख्खनेत आली होती. १६०४-०५ च्या सुमारास त्याने रत्नजडित हुक्का करवून तो आग्र्यास अकबरापुढे ठेवला. बादशहाने कुतूहलाने एक-दोन झुरके घेतले. तेव्हा दरबारचा हकीम पुढे आला आणि त्याने हरकत घेतली. आपल्या ग्रंथांत या वनस्पतीविषयी काही लिहिलेले नाही, तिची परीक्षा झालेली नाही, तेव्हा ती बादशहाने घेऊ नये, असे त्याचे म्हणणे पडले. असद बेग हुशार होता. युरोपातले शहाणे लोक ती घेतात, आणि जगातली प्रत्येक रीत कधी तरी नवीच असते, असा त्याने युक्तिवाद केला. दरबाराला असद बेगचे म्हणणे पटले. सरदारांत हुक्क्याची चाल पडली, व्यापाऱ्यांनी माल आणला. जहांगीराने १६१७ मध्ये बंदी घातली, पण तोवर उशीर झाला होता.

चारशे वर्षांनी दोन्ही युक्तिवाद जसेच्या तसे आपल्यापुढे आले आहेत. परदेशांतले लोक ओढतात, नवी वस्तू आहे, जुन्याहून बरी आहे, असे असद बेग आजही म्हणतो. परीक्षा पुरी झालेली नाही, थांबा, असे हकीम म्हणतो. आम्ही हकिमाच्या बाजूचे आहोत. तंबाखूपासून कर्करोग होतो हे शास्त्राने निर्विवाद सिद्ध करावयास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. विजेची सिगारेट बाजारात येऊन पंचवीस वर्षेही झालेली नाहीत. तिचे तीस-चाळीस वर्षांचे परिणाम आज कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि जो विक्रेता सांगतो तो डॉक्टर नव्हे.

तरीही प्रतिपक्षाचे म्हणणे न ऐकता निकाल देणे बरे नव्हे. इंग्लंडातील आरोग्यखात्याची भूमिका निराळी आहे. जळत्या तंबाखूतील डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड या सिगारेटीत नसल्यामुळे, जे आधीच धूम्रपान करतात त्यांनी तिच्याकडे वळणे कमी घातक, असे तेथे मानतात आणि सिगारेट सोडविण्यासाठी ती देतातही. २०१९ मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या ज्या विकाराने ६८ माणसे दगावली, त्याचे मूळ बव्हंशी गांजाच्या अर्काच्या बेकायदेशीर द्रवांतील एका भेसळीत सापडले, साध्या निकोटीनच्या द्रवात नव्हे. हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मुलांना भीती घालण्यासाठी अर्धसत्य सांगणे आम्हांस मान्य नाही. ते एक दिवस उघडे पडते आणि मग आपल्या खऱ्या शब्दांवरही त्यांचा विश्वास राहत नाही. पण त्याच इंग्लंडला १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकून देण्याच्या सिगारेटींवर बंदी घालावी लागली, आणि त्याची मुख्य कारणे दोन : मुले आणि कचरा. शिवाय पट्टीच्या धूम्रपान करणाऱ्यासाठी जे कमी वाईट, ते कधीच न ओढलेल्या मुलासाठी चांगले कसे ठरेल?

आपल्याकडील कायदा स्पष्ट आहे. १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याचा कायदा झाला. विजेच्या सिगारेटीचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात हे सर्व गुन्हे आहेत. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड अथवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसत्या साठवणीसही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. ओढणाऱ्यास शिक्षेचे स्वतंत्र कलम त्यात नाही, पण वर्गमित्राला एक विकून पाहणारा मुलगा विक्रेता ठरतो, हे ध्यानात असू द्यावे. आणि चोरून आलेल्या मालात द्रव कोणते, निकोटीन किती, बॅटरी कोणाची, हे तपासणारा कोणी नसतो.

तथापि या कायद्याचा एक भाग आम्हांस सलतो, आणि तो बोलून दाखविल्यावाचून राहवत नाही. विजेच्या सिगारेटीला तुरुंग, आणि तिच्याहून घातक असलेल्या कागदी सिगारेटीला, विडीला कर भरून खुला बाजार, हा कोठला न्याय? आमच्याच शहराकडे पाहा. १९३० मध्ये स्थापन झालेल्या वझीर सुलतान टोबॅको कंपनीने आझमाबादेत सिगारेटी करून आमच्या चारमिनारचे नाव देशभर नेले. सत्यजित राय यांच्या फेलुदाच्या ओठांतही चारमिनारच आहे. आणि याच शहरात रेड हिल्सवर १९५५ पासून मेहदी नवाज जंग यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय उभे आहे. एकीकडून कर घ्यावयाचा आणि दुसरीकडे खाटा वाढवावयाच्या, हा हिशेब कोणत्या अंकगणितात बसतो ते आम्हांस ठाऊक नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी शेकडा २८ हून अधिक लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करणारे आढळले. निपाणीच्या शेतकऱ्याचे पोट तंबाखूवर आहे, सोलापूर-निजामाबादच्या विडी वळणाऱ्या बायांचे पोट तिच्यावर आहे, हे आम्ही जाणतो. त्यांना दुसरी वाट दिल्याशिवाय कारखान्यांना कुलपे ठोका, असे आम्ही म्हणणार नाही. पण शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये आणि अठरा वर्षांखालील मुलास ती देऊ नये, असा नियम २००३ च्या कायद्यातच आहे. निदान तो तरी पाळला जातो की नाही, हे पाहावयास मंत्रालयापर्यंत जावे लागत नाही. शाळेच्या फाटकातून बाहेर पडून दोन्ही बाजूंस नजर टाकली की पुरे.

पालकांस एक विनंती आहे. मुलाच्या दप्तरात अशी वस्तू सापडली तर प्रथम तिची कोठडी, मग तुमची छडी, असा क्रम लावू नका. त्याला कोणी दिली, किती दिवस झाले, न ओढल्यास हात कापतो काय, चिडचिड होते काय, हे शांतपणे विचारा. सवय जडली असेल तर तो आजार आहे आणि त्याला उपाय आहेत. १८००-११२-३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी विनामूल्य सल्ला मिळतो. वडील स्वतः ओढत असतील तर दोघांनी मिळूनच तो क्रमांक फिरवावा. मुलाला लाजवून वडिलांनी खिडकीत उभे राहून पेटवावी, यासारखा विनोद नाही. घरात लहान भावंड असेल तर द्रवाची कुपी तत्काळ त्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. त्यातले निकोटीन लहान मुलाच्या पोटात गेल्यास जिवावर बेतते.

आणि ती वस्तू संतापाच्या भरात कचऱ्याच्या डब्यात फेकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबली जाऊन आतली बॅटरी पेट घेते. इंग्लंडात २०२३ च्या एका अंदाजानुसार दर आठवड्यास सुमारे पन्नास लाख अशा सिगारेटी फेकल्या जात होत्या, त्यावरून हा धोका किती वाढू शकतो याची कल्पना यावी. आपल्या देशात २०२२ पासून वापरलेल्या बॅटऱ्यांच्या विल्हेवाटीचे स्वतंत्र नियम आहेत. घट सुटा निघत असेल तर त्याच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावावी, निघत नसेल तर सबंध वस्तू तशीच ठेवावी, फोडू अथवा भोसकू नये, आणि कोरड्या डब्यात घालून ती इलेक्ट्रॉनिक कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत ठिकाणी नेऊन द्यावी. नेताना मुलालाही बरोबर न्यावे.